दोघांनी काढलेला फोटो

१८४० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधल्या लॅकॉक ॲबी या आपल्या घरी हेन्री फॉक्स टॅल्बटने पत्नी कॉन्स्टन्सला कॅमेऱ्यासमोर बसवलं. कागदावर छायाचित्र उमटवण्याची त्याची रीत अगदी नवी होती आणि त्या दिवशी पुरेसा प्रकाश पोचायला तीन मिनिटं लागली. तेवढा वेळ कॉन्स्टन्स स्तब्ध बसून राहिली, म्हणून तिचा चेहरा आज आपल्याला दिसतो. आदल्या वर्षी तिने स्वतःही या प्रयोगांत हात घातला होता. नवराबायकोने मिळून फोटो काढणं फोटोग्राफीच्या जन्मापासूनच चालत आलं आहे ते असं. शोधाचं श्रेय टॅल्बटचंच. पण त्या चित्रातला कॉन्स्टन्सचा वाटा कुणी फारसा मोजला नाही. या कुळकथेत पुढेही हेच घडत राहतं.

दोघांनी एकाच चौकटीत यायचं, तर कॅमेरा कुणी चालवायचा? या अडचणीचं सुंदर उत्तर त्रिपुरात सापडलं. १८८० च्या सुमाराला आगरतळ्याचे महाराज बीरचंद्र माणिक्य आणि महाराणी मनमोहिनी यांनी स्वतःचा फोटो स्वतःच काढला. कॅमेऱ्यापासून एक लांब तार ओढून घेतलेली, तिची तरफ महाराजांच्या हातात आणि दुसरा हात राणीभोवती. काच ओली असतानाच फोटो काढण्याची घाई संपवणाऱ्या जिलेटिनच्या कोरड्या काचा तेव्हा नुकत्याच बाजारात येऊ लागल्या होत्या, क्षणभराच्या प्रकाशावर चित्र पकडता येऊ लागलं होतं. तरीही मला त्या तंत्राहून त्या दोघांच्या बसण्याचं नवल वाटतं. त्या काळच्या राजघराण्यांच्या फोटोंत माणसं खांबासारखी ताठ दिसतात. इथे मध्ये तिसरं कुणीच नाही, म्हणून इतकी जवळीक. मनमोहिनीही फोटोग्राफी शिकलेल्या होत्या. भारतातली पहिली सेल्फी म्हणून या चित्राचा गौरव होतो आणि त्यात महाराजांचंच नाव पुढे असतं. मला ते अपुरं वाटतं.

एक फोटो पुरत नाही, माणूस वर्षानुवर्षं टिपत राहिलं पाहिजे, हा विचार न्यूयॉर्कच्या छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झचा. चित्रकार जॉर्जिया ओ'कीफचे पहिले फोटो त्याने १९१७ मध्ये काढले, १९२४ मध्ये त्यांचं लग्न झालं आणि पुढच्या दशकातही हे काम चालूच राहिलं. हात, मान, पाठ, चेहरा, तिच्या चित्रांसमोर उभी ती, अशी तीनशेंहून अधिक छायाचित्रं. स्टिग्लिट्झच्या लेखी ती सगळी मिळून एकच व्यक्तिचित्र होतं. एकेका काचेसाठी तीन-चार मिनिटं न हलता राहावं लागे, असं ओ'कीफने उतारवयात सांगितलं आहे. डोळा मिटला, कुठे खाज सुटली, तर काच वाया. बसणाऱ्याचे हे श्रम फोटोत दिसत नाहीत. पण ते नसते तर फोटोही झाला नसता.

फ्रान्समधल्या कलावंत क्लोद काऑं आणि मार्सेल मूर यांची कथा तर चटका लावते. या दोघी आयुष्यभराच्या सोबतिणी. काऑं कधी पहिलवान व्हायची, कधी बाहुली, कधी मुंडण केलेला संन्यासी, आणि हे सगळं कॅमेऱ्यासमोर. पुढे जगाने त्या फोटोंना काऑंची ‘आत्मचित्रं’ म्हणून डोक्यावर घेतलं. पण कॅमेऱ्यामागे बहुधा मूर असायची. काही चित्रांत तिची सावलीही पडली आहे. १९३७ मध्ये त्या जर्सी बेटावर राहायला गेल्या. बेट नाझींच्या ताब्यात गेल्यावर गुपचूप पत्रकं वाटून दोघींनी जर्मन सैनिकांना बंडाला चिथवलं. १९४४ मध्ये पकडल्या गेल्या, मृत्युदंड सुनावला गेला, पण तो अमलात आला नाही; बेट मुक्त झालं आणि दोघी सुटल्या. मृत्युदंडाची शिक्षा दोघींना एकत्र झाली, फोटोंचं श्रेय मात्र दीर्घकाळ एकटीलाच मिळालं.

आपल्या मुंबईतही हे घडलं आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला फोटोग्राफी शिकल्या माणेकशॉंकडून, जे पुढे त्यांचे पती झाले. होमाईंचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते माणेकशॉंच्या नावाने. २०११ मध्ये होमाईंना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या ९७ वर्षांच्या होत्या.

आज लग्नाआधीच्या शूटला फोटोग्राफर येतो, कपडे ठरवतो, कुठे पाहायचं तेही सांगतो. ते जरूर करा. पण एखादा रविवार दोघांसाठीच ठेवा. मोबाइल स्टॅंडवर लावा, टायमर सुरू करा, प्रकाश कुठून घ्यायचा यावर वाद घाला, आळीपाळीने कॅमेऱ्यामागे जा. फोटो छापून घ्या आणि मागे तारखेखाली दोघांचीही नावं लिहा.