केइ (कांजी)

केइ हे जपानी लेखनातील एक कांजी, म्हणजेच चिनी लिपीतून स्वीकारलेले अर्थवाहक चिन्ह आहे. 'एकूण', 'हिशेब', 'मोजमाप' आणि 'योजना' हे त्याचे प्रमुख अर्थ होत. चिनी वळणाचा उच्चार 'केइ' (बोलताना 'केऽ') असून क्रियापदात ते 'हाकारु' असे वाचले जाते. जपानमध्ये ते प्राथमिक शाळेच्या दुसऱ्या इयत्तेत शिकवतात.

रचना

या नऊ रेघांच्या चिन्हात डावीकडे 'बोलणे' हा सात रेघांचा घटक, तर उजवीकडे अधिकच्या खुणेसारखा दिसणारा 'दहा' हा अंक असतो. इ.स. १०० च्या सुमारास शू शन यांनी सिद्ध केलेल्या चिनी कोशातही या चिन्हाची फोड अशीच दिली आहे. तोंडाने दहापर्यंत मोजणे अशी खूणगाठ बांधली, की ते सहसा विसरत नाही.

उपयोग

तक्त्याच्या तळाशी एकटे 'केइ' लिहिलेले असल्यास ते आपल्या वहीखात्यातील 'एकूण' समजावे. 'श्योओकेइ' म्हणजे उपबेरीज, 'गोओकेइ' म्हणजे बेरीज आणि 'सोओकेइ' म्हणजे सर्व बेरजांची बेरीज. 'केइसान' म्हणजे आकडेमोड, 'काकेइ' म्हणजे घरखर्चाचा हिशेब, 'केइकाकु' म्हणजे योजना. उपाहारगृहात बिल मागताना 'काइकेइ' (हिशेब) या शब्दाला आदरार्थी 'ओ' जोडून 'ओकाइकेइ' म्हणतात. मापनयंत्रांच्या नावांत हे चिन्ह शेवटी येते, उदा. 'ताइओन्केइ' (ज्वरमापक). घड्याळास 'तोकेइ' म्हणतात. त्यातील काळवाचक चिन्हाचे 'तो' हे वाचन अपवादात्मक असल्याने ते पाठच करावे लागते.

मराठी भाषकांच्या अडचणी

मराठीत पैसेही मोजतात आणि उंचीही मोजतात. जपानीत मात्र नग मोजणे म्हणजे 'काझोएरु' आणि माप घेणे म्हणजे 'हाकारु'. त्यातही 'हाकारु' लिहिताना प्रस्तुत चिन्ह मुख्यतः वेळ व संख्या यांसाठी वापरतात. लांबी, खोली यांसाठी आणि वजन, आकारमान यांसाठी वेगवेगळी चिन्हे आहेत. उच्चार एकच असल्याने हा भेद केवळ ऐकून उमगत नाही, लिहूनच अंगवळणी पडतो.

दुसरी अडचण देवनागरीची आहे. 'तोकेइ' म्हणजे घड्याळ, तर 'तोओकेइ' म्हणजे सांख्यिकी. देवनागरीत ऱ्हस्व ओकारासाठी निराळी मात्रा नाही, त्यामुळे वहीत दोन्ही शब्द 'तोकेइ' असेच उतरवले जातात. ओकार दीर्घ असेल तेथे 'ओ' किंवा अवग्रह लिहिण्याची सवय आरंभापासून ठेवलेली बरी. मुंबई व पुणे येथेही होणाऱ्या जपानी भाषा प्राविण्य परीक्षेत कांजीचे वाचन विचारताना ऱ्हस्व-दीर्घाचे असे फसवे पर्याय शेजारी शेजारी दिलेले असतात.