त्रिकोणाचा रंग

पिकावर फवारायच्या औषधाच्या बाटलीवर रंगीत त्रिकोण असतो. त्यामागे मोठा अपघात आहे. १९५८ साली केरळात, वाहतुकीत पॅराथिऑन लागलेलं पीठ पोटात गेल्यानं शंभरावर माणसं दगावली. मग चौकशी झाली, १९६८ चा कीटकनाशक कायदा आला, १९७१ चे नियम आले. लाल त्रिकोण सर्वांत जहाल. मग पिवळा, निळा, हिरवा.

पण हा रंग ठरतो तो विष पोटात गेलं, अंगाला लागलं तर किती घातक, यावर. मधमाशी, गांडूळ, विहीर यांचा हिशेब त्यात नाही. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशीवर फवारताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, तेव्हा मास्क-हातमोज्यांची चर्चा झाली. ओढ्यात धुतलेल्या पंपाचं काय? आमच्या बडोद्याजवळ करजणकडेही कापूसच पिकतो. दोन विघ्यांच्या शेतकऱ्याला हिरवा त्रिकोण निर्धोक वाटला, तर दोष त्याचा कसा?

आपण बायका सूक्ष्म जीव वाचावेत म्हणून पाणी गाळून घेतो. विरघळलेलं विष मात्र कापडात अडकत नाही. जीवदया पाळायची, तर पंप कुठे धुवू नये, रिकामी बाटली कुठे टाकू नये, हे शेतातल्या बायकांना त्यांच्या बोलीत सांगायला हवं.