लाकूड कोणाचे?

शेतकरी बांधावरची बाभूळ तोडून आणीत असे, आमचे सुतार पूर्वज तिचा नांगर घडवीत आणि खळ्यावर बलुते घेत. लाकूड कोणाचे, हे सुतारास सहसा कोणी विचारीत नसे. १८७८ च्या व पुढे १९२७ च्या वन कायद्याने तो प्रश्न आमच्या दारी आणला. १९२७ च्या कायद्याचे ६९ वे कलम तर फर्निचरच्या प्रत्येक कारखानदाराने मुखोद्गत करावे असे आहे. कारवाईत वनोपजाच्या मालकीचा वाद निघाल्यास, विरुद्ध सिद्ध होईतो ते सरकारचेच मानले जाते! म्हणजे प्रामाणिकपणे घेतलेल्या सागवानाचीही पावती आणि वाहतूक परवाना जपलाच पाहिजे. कंपनी नोंदविल्याने भागधारकांची देण्याची जबाबदारी मर्यादित होते. जप्त झालेले लाकूड त्यामुळे सुटत नाही.

४ मार्च १९९७ रोजी गोदावर्मन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र व उत्तर प्रदेश या राज्यांतील विनापरवाना आरागिरण्या व प्लायवुड कारखाने तत्काळ बंद करविले. वने वाचणे अवश्यच होते; परंतु परवान्याची हेळसांड किती महाग पडते, हेही तेव्हा दिसले. २०१७ च्या दुरुस्तीने बांबू ‘वृक्षा’च्या व्याख्येतून वगळला गेला. सागाच्या वाट्यास ती सवलत आली नाही.