एक नाव, तीन ‘हर्मीस’

* लेखक ‘हर्मीस बुडाली’ म्हणतो ती आपल्या ‘विराट’ची पूर्वाश्रमीची हर्मीस नव्हे. ब्रिटिश नौदलात जहाज गेले तरी नाव मागे उरते आणि नव्या जहाजाला लागते. वाचकाची फसगत होते ती इथेच. गेल्या शतकातली पहिली हर्मीस ही मुळातली क्रूझर. सागरी विमाने वाहणाऱ्या या नौकेला ३१ ऑक्टोबर १९१४ रोजी डोव्हरच्या सामुद्रधुनीत जर्मन पाणबुडीने बुडवले. लेखकाची हर्मीस दुसरी, विमानवाहू म्हणूनच आखलेली. ९ एप्रिल १९४२ रोजी सिलोनच्या बट्टिकलोआजवळ जपानी विमानांनी तिला गाठले तेव्हा तिच्यावर स्वतःचे एकही लढाऊ विमान नव्हते! तीनशेहून अधिक माणसे गेली. तिसरीची बांधणी १९४४मध्ये सुरू झाली ती ‘एलिफंट’ या नावाने. युद्ध संपताच नियोजित हर्मीस रद्द झाली आणि ते नाव हिला मिळाले. (हत्तीचे नाव गेले, आकार राहिला.) १९८२च्या फॉकलंड युद्धातली ध्वजनौका हीच. १९८७मध्ये ती ‘विराट’ झाली, ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत निवृत्त झाली आणि पुढे अलंगच्या किनाऱ्यावर तोडली गेली. — संपा.