नोंदी जुळवायच्या, पण किती ताडून बघायच्या?

समजा, आपल्याकडे दोन याद्या आहेत, प्रत्येकी एक लाख नोंदींच्या. पहिलीतली प्रत्येक नोंद दुसरीतल्या प्रत्येकीशी ताडायची, तर तुलना होतात एक हजार कोटी! बरं, नावं सगळे सारखी लिहीत नाहीत, त्यामुळे थेट शोधून भागत नाही.

यावरची जुनी युक्ती म्हणजे साउंडेक्स. रॉबर्ट रसेल यांना १९१८ मध्ये अमेरिकेत तिचं पेटंट मिळालं. आज रूढ असलेल्या रूपात आडनावाचं पहिलं अक्षर तसंच ठेवतात आणि पुढच्या व्यंजनांना उच्चारानुसार तीन अंक देतात. इंग्रजीत ‘जाधव’मधला एच लिहा किंवा गाळा, संकेत एकच येतो : जे-३१०.

१९५९ मध्ये कॅनडात हॉवर्ड न्यूकम आणि सहकाऱ्यांनी हे काम संगणकावर नेलं. किरणोत्साराचे आनुवंशिक परिणाम अभ्यासायचे, तर कोणतं मूल कोणत्या जोडप्याचं हे कळायला हवं. म्हणून त्यांनी ब्रिटिश कोलंबियातल्या विवाह आणि जन्मनोंदी जोडल्या. नवरा-बायको दोघांच्या आडनावांच्या संकेतांनुसार गट पाडले आणि तुलना फक्त गटाच्या आत केली. दुर्मिळ आडनाव जुळलं तर त्याला वजन जास्त. आज आपण याला ब्लॉकिंग म्हणतो. आपल्या लाख-लाख नोंदींचे हजार समान गट पडले, तर तुलना उरतात फक्त एक कोटी.

मग १९६९ मध्ये इव्हान फेलेगी आणि अॅलन संटर यांनी याला गणिती पाया दिला. निर्णय तीन : जुळलं, नाही जुळलं, आणि माणसानं बघावं. दोन्ही प्रकारच्या चुकांची मर्यादा आधी ठरवायची आणि मधला ढीग शक्य तितका लहान ठेवायचा.

पण खरी मेख गट पाडण्यातच आहे. ‘वाघ’ कुणी डब्ल्यूनं लिहितं, कुणी व्हीनं. पहिलं अक्षरच बदललं, म्हणजे गट बदलला. ही जोडी कधी समोरासमोर येतच नाही, मग पुढचं सूत्र कितीही बारीक असो. तपासलेल्या जोड्यांवर काढलेली अचूकता छान दिसते, कारण सुटलेली जोडी त्या हिशेबात नसतेच. न्यूकम यांच्यासारख्या अभ्यासात अशी सुटलेली जोडी म्हणजे कुटुंबातून गळलेलं एक भावंड.

म्हणून वेगवेगळ्या निकषांवर दोन-तीनदा गट पाडतात : एकदा आडनावावर, एकदा जन्मवर्षावर. वेळ वाढतो, पण गळती कमी होते. तुमच्या प्रबंधात ‘अचूकता इतकी’ असं लिहाल, तेव्हा शेजारी हेही लिहा : गट कशावर पाडले, आणि हातानं जुळवलेल्या नमुन्यातल्या किती खऱ्या जोड्या त्यात बाहेर राहिल्या. परीक्षकानं विचारायच्या आधी.