उल्हास नदी

कोकणातल्या बहुतेक नद्या सह्याद्री उतरल्या की पश्चिमेला समुद्राची वाट धरतात. उल्हासला ती सोय नाही. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावून ती खंडाळ्याजवळची खोल उल्हास दरी उतरते, तोच माथेरान–मलंगगडाची रांग आडवी येते. मग कर्जत, नेरळ, वांगणी, बदलापूर असा उत्तरेचा फेरा घेऊन, रांग संपल्यावर कल्याणपाशी ती पश्चिमेला वळते. तिथून पुढे तिची खाडी होते. मुख्य प्रवाह वसईला समुद्रास मिळतो, एक फाटा ठाणे खाडीकडे जातो. लांबी सुमारे १२२ किमी.

खोऱ्यातला खडक काळा बेसाल्ट. त्यात पाणी फारसे मुरत नाही, त्यामुळे अशा प्रदेशातली नदी उन्हाळ्यात आटायला हवी. उल्हास मात्र बारमाही वाहते, आणि याचे कारण घाटमाथ्यावर आहे. मावळातल्या आंद्रा नदीवर ठोकरवाडीचे धरण आहे. त्याचे पाणी टाटांच्या भिवपुरी जलविद्युत केंद्रात (१९२२) वीज निर्माण करून पेज नदीत सोडले जाते आणि पेजेतून उल्हासमध्ये येते. एरवी भीमा–कृष्णेच्या मार्गाने बंगालच्या उपसागराला गेले असते ते पाणी असे अरबी समुद्राकडे वळले आहे!

या पाण्याला बदलापूरजवळ बारवी नदीची जोड मिळते. बारवीवर औद्योगिक विकास महामंडळाचे धरण आहे. बदलापूरचा बॅरेज, जांभूळ, शहाड अशा ठिकाणी पाणी उचलले जाते आणि थेट मीरा-भाईंदरपर्यंत पोचते.

पावसाळ्यात हीच नदी पात्र सोडते. २६ जुलै २००५ चा पूर बदलापूरकर विसरलेले नाहीत. जुलै २०१९ मध्ये बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले.

१९४९ मध्ये सिंधी निर्वासितांच्या कल्याण कॅम्पाला उल्हासनगर हे नाव या नदीवरून मिळाले. गंमत अशी, की शहराच्या मधून वाहते ती वालधुनी. अंबरनाथच्या दक्षिणेकडील डोंगरांत उगम पावणारी ही उपनदी काकोळ्याच्या जीआयपी (रेल्वेच्या) तलावाकडून शके ९८२ मधील (इ.स. १०६०) शिवमंदिरालगत येते. मंदिराला तिच्या काठाची शोभा होती. आता तीही बारमाही वाहते, पण ते पाणी कारखान्यांचे आणि गटारांचे. तिच्यात आणि उल्हासमध्ये होणाऱ्या प्रदूषणाचा वाद हरित लवादापर्यंत गेला.

वालधुनी कल्याणजवळ खाडीला मिळते, म्हणजे पाणी उचलण्याच्या जागांच्या खालच्या अंगाला. तिची घाण तेवढी टळते. उल्हासनगरचा खेमाणी नाला मात्र शहाडच्या बाजूला थेट उल्हासमध्ये येत असे. पिण्याचे पाणी तिथेच उचलले जात असल्याने नाल्याचा प्रवाह अडवून दुसरीकडे वळवण्याचे काम हाती घ्यावे लागले. उन्हाळ्यात संथ पाण्यावर पसरणारी जलपर्णी अशाच सांडपाण्यावर पोसते.