परवाना कोणाचा, जबाबदारी कोणाची?

आजचा विषय ऐकायला जरा सरकारी वाटेल. अभियंते आणि वास्तुविशारद यांना काम करण्याचा परवाना कोण देतं, आणि तो मुळात का लागतो? पण घर बांधणाऱ्या प्रत्येकाची या प्रश्नाशी गाठ पडते. नगरपरिषदेत नकाशा दाखल करायचा तर त्याखाली एक सही लागते. उद्या स्लॅब खाली आला, तर ती सही करणारा कोणाला जाब देणार? हे समजून घ्यायला आपण कन्नडला जाऊ.

कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तिथे सापडलेल्या एका यक्षमूर्तीच्या हातावर लेख कोरलेला आहे. कण्हदास नावाच्या सोनाराने ही मूर्ती घडवली, एवढंच तो लेख सांगतो. दोन हजार वर्षांपूर्वी एका कारागिराने आपल्या कामावर नाव घातलं, ही मोठीच गोष्ट. पण नाव म्हणजे ओळख झाली. काम चुकलं तर जाब कुठे विचारायचा, हे नुसत्या नावावरून कळत नाही. परवाना ही त्यापुढची पायरी आहे, आणि ती आपल्याकडे फार उशिरा आली. का, ते बघू.

कन्नडहून औट्रम घाट उतरला की चाळीसगाव लागतं. इंग्रजांच्या काळात घाटाखाली ब्रिटिशांचा खानदेश होता आणि घाटावर निजामाचं राज्य. कायदा वेगळा, कचेरीची भाषा वेगळी. एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी होती. इंजिनियर म्हणजे सरकारी माणूस.

खालच्या बाजूचं आधी पाहू. पुण्यात 1854 मध्ये इंजिनियरिंगचा वर्ग सुरू झाला, तो प्रामुख्याने सरकारच्या बांधकाम खात्याला माणसं हवी होती म्हणून. पुढे मुंबई विद्यापीठाची परीक्षा आली, तिचं नाव एल. सी. ई. म्हणजे लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनियरिंग. विश्वेश्वरय्या 1883 मध्ये हीच परीक्षा पास झाले आणि 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. गंमत बघा, पदवीच्या नावातच लायसन्स आहे! पण धंदा करण्याचा तो परवाना नव्हता. अधिकार यायचा तो खात्यातल्या खुर्चीमुळे.

आता घाटावर या. 1908 मध्ये मुसी नदीला महापूर आला आणि हैदराबाद शहर उद्ध्वस्त झालं. निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांनाच बोलावलं. पूर अडवण्याच्या त्यांच्या योजनेतून उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणं उभी राहिली. नंतर अली नवाज जंग हे संस्थानाचे मुख्य अभियंता झाले, निजामसागर त्यांच्या काळातला. 1929 मध्ये उस्मानिया विद्यापीठाचं इंजिनियरिंग कॉलेज निघालं. कर्तबगार माणसं होती ही, पण सगळी सरकारी व्यवस्थेत काम करणारी. चूक झाली तर वरचा साहेब होता, चौकशी होती, बडतर्फी होती. वेगळ्या परवान्याची गरजच कोणाला भासली नाही.

वास्तुविशारदाचं तसं नव्हतं. तो खाजगी गिऱ्हाइकासाठी काम करायचा, त्यामुळे खरा कोण आणि तोतया कोण, हा प्रश्न त्याच्या पोटापाण्याचा होता. मुंबईत 1917 मध्ये वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांची संघटना निघाली. जॉर्ज विटेट, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुविशारद, तिचे पहिले अध्यक्ष. तिचीच 1929 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. पण कायद्यासाठी 1972 साल उजाडावं लागलं. त्या वर्षीच्या आर्किटेक्ट्स ॲक्टने देशभराची एक नोंदवही केली. पदवी नाही, पण पाच वर्षं हेच काम करतो आहे, अशांनाही पहिल्या नोंदणीत वाट ठेवली. नोंदणी नसताना स्वतःला आर्किटेक्ट म्हणवलं, तर पहिल्या गुन्ह्याला दंड किती? जास्तीत जास्त 500 रुपये!

त्यातही एक मेख आहे. हा कायदा राखतो ती पदवी, काम नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2020 मध्ये हेच स्पष्ट केलं. नोंदणी नसलेल्याला 'आर्किटेक्ट' ही उपाधी लावता येणार नाही, पण इमारतीचा आराखडा करण्याचं काम या कायद्याने त्याला बंद होत नाही.

आणि अभियंत्याचं काय? त्याच्यासाठी असा देशव्यापी कायदाच नाही. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स 1920 मध्ये स्थापन झाली, 1935 मध्ये तिला राजसनद मिळाली. पण ती व्यावसायिकांची संस्था आहे, तिचं सभासदत्व सक्तीचं नाही. कायद्याचे मसुदे अधूनमधून निघतात, कायदा होत नाही.

अमेरिकेतलं उदाहरण इथे उपयोगी पडेल. वायोमिंग हे कोरडं राज्य, तिथे पाण्याच्या हक्कासाठी नकाशे दाखल करावे लागत. वकील, नोटरी, जो उठेल तो इंजिनियर म्हणून सही करायचा. राज्याचे अभियंता क्लॅरेन्स जॉन्स्टन यांनी ते पाहिलं, आणि 1907 मध्ये तिथे परवान्याचा कायदा झाला. फरक लक्षात घ्या. तिथे सही करणारे लोक सरकारबाहेरचे होते, म्हणून परवाना आला. आपल्याकडे इंजिनियर सरकारातच होता, म्हणून परवाना राहून गेला. पुढे इंजिनियर सरकारबाहेर पडले, हजारोंनी पडले, पण कायदा जुन्या जागीच राहिला. आमचं आजचं म्हणणं आहे ते एवढंच.

मग कन्नडमध्ये आज काय होतं? महाराष्ट्रात 1966 चा नगररचना कायदा आहे, आणि डिसेंबर 2020 पासून एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. आर्किटेक्टला कौन्सिलची नोंदणी पुरते. अभियंता, स्ट्रक्चरल इंजिनियर आणि सुपरवायझर यांना परवाना स्थानिक पातळीवर मिळतो. लहान भूखंडांसाठी, म्हणजे 150 चौरस मीटरपर्यंत, प्रक्रिया अगदी सोपी केली आहे. कागदपत्रं द्या, शुल्क भरा, पोच घ्या आणि बांधा. सामान्य माणसाचे हेलपाटे वाचले, हे चांगलंच झालं. पण याचा दुसरा अर्थ असा, की घर जितकं लहान, तितका भरवसा त्या एका सहीवर. आर्किटेक्ट चुकला तर कौन्सिल त्याला नोंदवहीतून काढू शकते. अभियंता चुकला तर स्थानिक परवाना जाईल. देशभराची नोंदवहीच नाही, तर दुसऱ्या गावाने ते कुठे पाहायचं?

आता कोणी म्हणेल, गवंड्याने बांधलेल्या घराला कसली सही? बरोबर आहे. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. हजारो माणसं गेली. त्या घरांना कोणाचीच सही नव्हती. परवान्याने ती वाचली असती, असं आम्ही म्हणणार नाही. तिथे गरज होती ती गवंड्यापर्यंत पोचणाऱ्या ज्ञानाची. पण आता त्याच मराठवाड्यात माळवदं जाऊन स्लॅब आले. स्लॅबला लोखंड किती, कॉलम केवढा, हे नुसत्या अंदाजाने ठरत नाही. म्हणजे सहीची गरज आता खेड्यातही पोचली आहे.

तेव्हा घर बांधाल तेव्हा एक करा. नकाशावर सही कोणाची आहे ते विचारा, त्याचा परवाना क्रमांक पाहा, कोणी दिला आणि कधीपर्यंत चालतो तेही पाहा. त्यात संकोच कसला? कण्हदासाने न विचारता नाव सांगितलं होतं. आपण निदान विचारायला हवं.